बेअरिंगशिवाय फिरणारी मोटर: पहिला रोटर तरंगवताना

कॉलेजच्या सुट्ट्यांत मी सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या एका वाइंडिंगच्या दुकानात बसायचो. यंत्रमागाच्या मोटरी तिथे यायच्या त्या बहुतेक एकाच तक्रारीने: गरम होतीय, आवाज करतीय. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणायची, रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, काढून बाजूला ठेवत आणि स्टेटर, म्हणजे त्याच्याभोवतीचा कॉइलवाला स्थिर भाग, उजेडाकडे धरून आतून बोट फिरवत. बरेचदा एकाच बाजूच्या स्टॅम्पिंगवर (स्टेटरच्या पत्र्यांवर) बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा सापडायचा. कापसाचे तंतू बेअरिंगमध्ये जातात, ग्रीस सुकते, बेअरिंग ढिले पडते आणि रोटर केसभर एका बाजूला सरकतो. सरकला की त्या बाजूची फट कमी होते, तिकडची चुंबकीय ओढ वाढते, म्हणून तो आणखी सरकतो. शेवटी घासतो.

ही आडवी ओढ प्रत्येक मोटरमध्ये असते. बेअरिंग तिला दाबून धरते, इतकेच. बेअरिंगलेस मोटरमध्ये याच ओढीला लगाम घालून तिच्याकडूनच रोटर हवेत धरून ठेवतात. रोटर फिरवणारे चुंबकीय क्षेत्र आणि त्याला तरंगत ठेवणारे क्षेत्र एकाच स्टेटरमधून येते, वेगळे चुंबकीय बेअरिंग लावावे लागत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जपान आणि स्वित्झर्लंडमध्ये यावर पद्धतशीर काम झाले. आज चिप बनवण्याच्या कारखान्यांतले अतिशुद्ध रसायनांचे पंप या तत्त्वावर चालतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये मंजूर केलेला हार्टमेट ३ हा हृदयाला मदत करणारा पंपही असाच. त्याचा रोटर रक्तात तरंगत फिरतो, घासायला काही नसल्यामुळे रक्तपेशी कमी चिरडतात.

आपल्याला इतके मोठे काही करायचे नाही. ५० मिमी व्यासाची एक चकती तरंगवायची आणि फिरवायची आहे. वाइंडिंगची भीती नसलेल्या, थोडे प्रोग्रॅमिंग येणाऱ्या माणसाला हे जमते. मला तीनदा फसून जमले. त्या तीन वेळा तुमच्या वाचाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

आधी अर्नशॉचे ऐका

यातला प्रत्येक नवा माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट करून बघतो: चार-सहा चुंबके गोलाकार मांडून मध्ये एक चुंबक तरंगवायचे. ते उडून कुठेतरी चिकटते. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्येच दाखवून दिले होते की अशा स्थिर मांडणीत सगळ्या दिशांना एकाच वेळी स्थैर्य मिळूच शकत नाही. एका दिशेला ताठपणा कमावला की दुसऱ्या दिशेला तो गमवावा लागतो. त्यामुळे मांडणी बदलत बसण्यात दिवाळीची सुट्टी घालवू नका. मी घालवली आहे.

याच नियमाचा फायदा घेऊन पहिली मोटर सोपी करता येते. हवेतल्या वस्तूला हलायला सहा वाटा असतात: तीन सरळ, तीन वळण्याच्या. आपला रोटर उंच नळकांड्यासारखा न करता पुरणपोळीसारखा पसरट केला, म्हणजे व्यास ५० आणि जाडी १० मिमी, की तो वर-खाली सरकायला किंवा कलायला गेला तर चुंबकीय ओढच त्याला परत जागेवर आणते. या तीन वाटा फुकटात बंद होतात. फिरण्याची वाट तर आपल्याला हवीच आहे. उरल्या दोन, आडव्या: क्ष आणि य. अर्नशॉ आपली वसुली इथे करतो. या दोन दिशांना रोटर टोकावर उभ्या केलेल्या काठीसारखा असतो, त्याला सतत सांभाळावे लागते. चकतीच्या या प्रकाराला स्लाइस मोटर म्हणतात. सुरुवात इथूनच करा. लांब शाफ्टच्या मोटरला पाच वाटा सांभाळाव्या लागतात. ते काम पुढच्या वर्षाचे.

२८८० आणि १४४० एकाच बॉडीत

आता गाभ्याची गोष्ट. फिरवणाऱ्या वाइंडिंगच्या ध्रुवजोड्या जितक्या, त्यापेक्षा एकने जास्त किंवा एकने कमी ध्रुवजोड्यांचे दुसरे वाइंडिंग त्याच स्टेटरमध्ये घातले की आडवे बल तयार होते. एकचाच फरक लागतो. दोनचा असेल तर बले एकमेकांना मारतात आणि रोटर ढिम्म राहतो.

मी सहा दातांचा स्टेटर घेतला, रोटर दोन ध्रुवांचा. प्रत्येक दातावर दोन कॉइल. पहिला संच दोन ध्रुवांचा, फिरवण्यासाठी: समोरासमोरच्या दातांना उलट ध्रुव, म्हणजे पहिला उत्तर तर चौथा दक्षिण. दुसरा संच चार ध्रुवांचा, तरंगवण्यासाठी: समोरासमोरच्या दातांना सारखाच ध्रुव, पहिला उत्तर तर चौथाही उत्तर. मामांच्या हिशोबी दोन ध्रुव म्हणजे मिनिटाला २८८० फेरे आणि चार ध्रुव म्हणजे १४४०. त्यांना जोडणीचा कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"दोन ध्रुवाचं पण, चार ध्रुवाचं पण? दोन स्पीडची मोटर करलालास की काय बे?"

"नाही मामा, दोन्ही एकदम चालू राहणार."

"येडा झालास."

कागदावर रोटरची वरची बाजू उत्तर ध्रुव, खालची दक्षिण, असे काढा. पहिला दात वर, चौथा खाली. चार ध्रुवांच्या संचाने दोन्ही दातांची रोटरकडची टोके दक्षिण केली तर वरचा दात रोटरच्या उत्तर ध्रुवाला ओढतो आणि खालचा दात दक्षिण ध्रुवाला ढकलतो. ओढणेही वर, ढकलणेही वर. प्रवाह उलटा करा, दोन्ही खाली. तीन फेजमधल्या प्रवाहांचे प्रमाण बदलले की बलाची दिशा हवी तिकडे वळते. मामांनी दोन बोटे दोन दातांवर ठेवून हे स्वतः करून पाहिले, मग न बोलता कॉइल गुंडाळायचा फर्मा काढायला आत गेले.

एक बारकावा इथेच मनावर गोंदवून घ्या. रोटर फिरला की त्याचे ध्रुव फिरतात, त्यामुळे तरंगवणारे क्षेत्रही त्याच्याबरोबर फिरवावे लागते. नियम छोटा आहे: तरंगवणाऱ्या प्रवाहाचा कोन म्हणजे हव्या असलेल्या बलाचा कोन अधिक रोटरचा कोन. हे वाक्य भिंतीवर लावा. माझा पहिला महिना त्यातल्या 'अधिक'च्या जागी 'वजा' धरण्यात गेला.

पाटी-पेन्सिलीचा हिशोब

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हाताने हिशोब करा. माझ्या मोटरचे आकडे असे: रोटरचा व्यास ५० मिमी, जाडी १० मिमी, बाहेरून ५ मिमी जाडीची चुंबकाची रिंग, आत लोखंडी चकती, एकूण वजन सुमारे १५० ग्रॅम. चुंबक ते दात ही फट ३ मिमी. तरंगवणाऱ्या क्षेत्राला चुंबकही हवेसारखेच वाटते, म्हणून त्याच्यासाठी फट ३ अधिक ५, म्हणजे ८ मिमी.

एन-४२ दर्जाच्या निओडिमियम चुंबकाने या फटीत कागदावर ०.८ टेस्लाच्या आसपास यायला हवे, पण चकती पातळ असल्यामुळे वर-खाली बरेच क्षेत्र निसटते. मी ०.५ धरले. तरंगवणाऱ्या प्रत्येक कॉइलला १०० टर्न आणि २ अँपिअर दिले तर २०० अँपिअर-टर्न. ८ मिमीच्या फटीत त्याचे क्षेत्र येते साधारण ०.०३१ टेस्ला. किती दुबळे! पण बल या दोन क्षेत्रांच्या गुणाकारावर चालते. चुंबकाचे मोठे क्षेत्र आधीच हजर आहे, आपण त्याला जरासे एका बाजूला झुकवतो. बलाचे सूत्र: पाय (π), त्रिज्या, जाडी आणि दोन्ही क्षेत्रे यांचा गुणाकार, भागिले निर्वाताच्या चुंबकीय पारगम्यतेची दुप्पट. आकडे घातले की जवळजवळ ४.९ न्यूटन येतात. रोटरचे वजन दीड न्यूटनही नाही. म्हणजे तिपटीहून जास्त.

इथे बहुतेक जण खूश होऊन पुढे जातात, आणि इथेच फसतात. रोटर मध्यावर असतानाचा हा हिशोब. सुरुवातीला रोटर मध्यावर नसतो, तो एका बाजूला चिकटून पडलेला असतो. आधी सांगितलेली ओढ त्याला तिथे धरून ठेवते. ही ओढ उलट्या स्प्रिंगसारखी: जितके दूर जाल तितकी बाहेर खेचते. माझ्या आकड्यांना ती साधारण ५ न्यूटन प्रति मिमी येते. रोटरला मध्यापासून १ मिमी सरकायला मोकळीक ठेवली तर कडेला ओढ ५ न्यूटन, आणि आपल्या हातात ४.९. रोटर उठणार नाही. मोकळीक अर्धा मिमी ठेवली तर ओढ अडीच न्यूटन, आपले बल जवळजवळ दुप्पट. उठेल.

म्हणून आखणी रोटर पडल्यावर कुठे टेकतो तिथून सुरू करा. पहिल्या मोटरमध्ये मी हे उलटे केले होते: आधी चुंबक, मग कॉइल, आणि टेकण्याची कडी सगळ्यात शेवटी, जी जागा उरली तिच्यात. ती कधीच उठली नाही.

आणखी एक आकडा काढून ठेवा. उलट्या स्प्रिंगचा ताठपणा भागिले वस्तुमान, त्याचे वर्गमूळ: ५००० भागिले ०.१५, वर्गमूळ सुमारे १८३. याचा उलटा साडेपाच मिलिसेकंद. सोडून दिलेला रोटर दर साडेपाच मिलिसेकंदांना मध्यापासून पावणेतीनपट दूर जातो. तुमचा सेन्सर, प्रोसेसर आणि प्रवाह या सगळ्यांना मिळून त्याच्या कितीतरी आत हालचाल करायची आहे. १० किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला दहा हजार वेळा चालणारे, कंट्रोल असेल तर त्या साडेपाच मिलिसेकंदांत पंचावन्न वेळा सावरायची संधी मिळते. १ किलोहर्ट्झला फक्त पाच. छंदाच्या साध्या बोर्डांवर अनेकांचा रोटर थरथरून पडतो तो बरेचदा याच कारणाने.

फेममध्ये काय बघायचे

फेम (FEMM) हे द्विमितीय चुंबकीय क्षेत्राचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. स्टेटर-रोटरचा छेद काढा, चुंबकाची दिशा द्या, कॉइलमध्ये प्रवाह द्या आणि रोटरवरचे बल विचारा. सुंदर रंगीत चित्रांत अडकू नका. मला चारच उत्तरे हवी असतात: मध्यावर एका अँपिअरला किती बल, प्रवाहाशिवाय ०.१, ०.३, ०.५ मिमी सरकवल्यावर किती ओढ. रोटर १५-१५ अंशांनी फिरवत गेल्यावर बलाची दिशा किती डळमळते. आणि दातात कुठे क्षेत्र दीड टेस्लाच्या वर जाते का. बल हाताच्या हिशोबापेक्षा पाव हिस्सा कमी आले तर घाबरू नका, सहाच दात आहेत, क्षेत्र गुळगुळीत नसते.

पातळ चकतीतून वर-खाली निसटणारे क्षेत्र फेमला दिसत नाही, हे विसरू नका. त्यामुळे चुंबकाची ताकद त्यात मुद्दाम कमी करून घाला, किंवा आलेल्या बलातून तिसरा हिस्सा वजा धरा. रोटर उभ्या दिशेने किती ताठ बसेल हेही ते सांगणार नाही. ते मोटर झाल्यावर रोटरवर ५०-५० ग्रॅमची वजने ठेवून मोजायचे.

घडवणे

स्टेटरसाठी अर्धा मिमी जाडीचा सिलिकॉन स्टीलचा पत्रा, २० पत्र्यांचा थर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेझर कटिंग होते, पण पत्रा तुम्ही नेऊन द्यावा हे बरे. नाहीतर साधा एमएस (माइल्ड स्टील) कापून मिळेल आणि तो गरम होईल. आतला व्यास ५६ मिमी. दातांची टोके कापल्यावर कानशीने साफ करा, कारण लेझरचा बारीक गोळा राहिला तर तो लेदराईड पेपर (कॉइलखालचा इन्सुलेशनचा कागद) फाडून तारेवरचे इनॅमल खरवडतो.

तरंगवण्याच्या कॉइलना मी २४ गेजची तार वापरली, जाडी ०.५६ मिमी. उठवताना क्षणभर २ अँपिअर आणि एरवी पाऊण अँपिअरच्या आत, एवढ्यासाठी ती पुरते. मेहनत टर्न मोजण्यात आहे. बाराही कॉइल एकाच दिशेने गुंडाळा, सुरुवातीच्या टोकाला पांढरी आणि शेवटच्या टोकाला काळी स्लीव्ह, आणि उत्तर-दक्षिण काय ते जोडणीत ठरवा. गुंडाळतानाच दिशा बदलत गेलात की दहाव्या कॉइलला गोंधळ होणारच. जोडल्यावर एकेका फेजला थोडा डीसी प्रवाह देऊन साध्या होकायंत्राने सहाही दात तपासा. फिरवणाऱ्या संचात समोरचा दात उलटा दिसला पाहिजे, तरंगवणाऱ्यात सारखा. पाच मिनिटांचे काम आहे आणि महिना वाचवते.

चुंबकाची रिंग व्यासाच्या दिशेने चुंबकित हवी. हे मागवताना लेखी सांगा आणि आल्यावर लोहकिसाने तपासा. मला एका दुकानातून आलेली रिंग जाडीच्या दिशेने चुंबकित निघाली, आणि मी ती लोखंडी चकतीवर चिकटवूनही टाकली होती. अख्खी रिंग मिळाली नाही तर समांतर चुंबकित कमानी जोडूनही चालते. बाहेरून ग्लास फायबरची पातळ पट्टी इपॉक्सीत गुंडाळा. वेग वाढल्यावर चुंबकाचा तुकडा सुटला तर तो गोळीसारखा येतो. ही पट्टी धरून बाहेरचा व्यास ५० च्या वर जाणार नाही, इतकी रिंग आधीच बारीक घ्या.

दर्जाबद्दल सोलापूरकरांना एक वेगळी सूचना. साधा एन-४२ चुंबक ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. म्हणजे मोटर चालू करायच्या आधीच निम्मी मर्यादा संपलेली असते. तांब्याचा रोधही दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. उन्हाळ्यात चालवायचे असेल तर एसएच दर्जाचा चुंबक घ्या, तो १५० पर्यंत जातो. नाहीतर पहाटे काम करा, मी करायचो.

टेकण्याची कडी डेल्रिन या कडक, गुळगुळीत प्लास्टिकची करा. बाहेरचा व्यास ५६, आतला ५१ मिमी. रोटर ५० चा, म्हणून चारी बाजूंनी अर्धा मिमी. लेथवाल्याला आतला व्यास शेवटी आणि एकाच सेटिंगमध्ये घ्यायला सांगा. कडी वाकडी बसली तर तुमचा 'मध्य' आणि चुंबकाचा मध्य वेगळे पडतात आणि कॉइल विनाकारण सतत प्रवाह खातात.

डोळे

रोटर कुठे आहे हे मायक्रॉनच्या भाषेत कळले पाहिजे. पाच-दहा मायक्रॉनचा फरक ओळखू आला तर ठीक. स्वस्तातला मोह म्हणजे प्रकाश परावर्तित करणारे छोटे सेन्सर. चार दिवस छान चालतात. माझ्या घराला लागून टॉवेलचा कारखाना होता, आठवड्यात सेन्सरवर लव जमली आणि मोटरचा 'मध्य' दुपारपर्यंत पाव मिमी सरकला.

दुसरा मोह हॉल सेन्सरचा. तो चुंबक थेट वाचतो, पैसेही कमी लागतात. पण दोन ध्रुवांच्या रोटरवर एक अडचण आहे: समोरासमोरच्या दोन सेन्सरांची बेरीज जागा सांगते खरी, पण ध्रुव त्या रेषेशी काटकोनात आले की ती बेरीज शून्यच राहते, रोटर त्या रेषेवर कुठेही असो. त्या क्षणी तुम्ही आंधळे. जास्त सेन्सर लावून यातून वाट निघते, पण नवख्याने त्यात पडू नये. हॉल सेन्सर दोनच ठेवा, ९० अंशांवर, फक्त रोटरचा कोन कळण्यासाठी. जागेसाठी एडी करंट सेन्सर, जो धातूत उठणाऱ्या भोवरी प्रवाहांवरून अंतर ओळखतो: रोटरवर ॲल्युमिनियमची पातळ कडी बसवा आणि तिच्याभोवती छापील सर्किटवर काढलेल्या चार छोट्या कॉइल ठेवा. तंतू, तेल, उजेड कशाचाच त्याला फरक पडत नाही. चिप निवडताना अचूकतेच्या आकड्यावर भाळू नका, सेकंदाला किती वाचने देते ते आधी बघा. पाच हजारांच्या खाली असेल तर ठेवून द्या.

कंट्रोल: एकेक पायरी चढा

दोन थ्री-फेज इन्व्हर्टर (डीसीपासून तीन फेजचा प्रवाह करणारे सर्किट), एक फिरवायला आणि एक तरंगवायला. मोटर कंट्रोलसाठी बनवलेला एखादा मायक्रोकंट्रोलर, एसटीएम३२ किंवा सी२००० कुटुंबातला. आणि २४ व्होल्टचा पुरवठा. माझ्या कॉइलचा एका फेजचा इंडक्टन्स १ मिलिहेन्रीच्या आसपास होता, म्हणजे २४ व्होल्टला प्रवाह मिलिसेकंदाला २४ अँपिअरच्या वेगाने चढू शकतो. २ अँपिअर गाठायला दशांश मिलिसेकंद. पुरेसे आहे.

आधी फक्त प्रवाहाचे कंट्रोल. एक अँपिअर मागितला की एक अँपिअरच आला पाहिजे, लवकर आला पाहिजे, आणि रोटर हलवला तरी बदलता कामा नये. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग दिशेची परीक्षा. सेन्सरचा फीडबॅक बंद ठेवून 'क्ष दिशेला बल' एवढीच आज्ञा द्या. रोटर कडीच्या क्ष बाजूला जाऊन टेकला पाहिजे. आता हाताने रोटर थोडा थोडा फिरवत तीच आज्ञा देत रहा. दर वेळी तो क्ष बाजूलाच गेला तर जिंकलात. चौथाई फेरा फिरवल्यावर बरोबर उलट बाजूला गेला, तर कोनाचे चिन्ह उलटे आहे. काटकोनात गेला, तर कोन हिशोबात धरलाच गेलेला नाही. या परीक्षेत मी जितका वेळ घालवला तितका कुठेच नाही, आणि तो सगळा कामी आला.

आता फीडबॅक. पहिला गुणक उलट्या स्प्रिंगवर मात करण्यापुरता हवा आणि वर तेवढाच ताठपणा शिल्लक राहायला हवा. म्हणजे ५ च्या जागी १० न्यूटन प्रति मिमी. माझ्या कॉइल एका अँपिअरला सुमारे अडीच न्यूटन देत, म्हणून गुणक मिमीला ४ अँपिअर. कडीला टेकलेल्या रोटरला बरोबर २ अँपिअर मिळतात, आधी ठरवले होते तेवढेच. याच्या निम्म्याहून कमी गुणक ठेवलात तर तो तरंगत नाही, खूप जास्त ठेवलात तर किंचाळतो. दुसरा गुणक वेगावर, थरथर शमवण्यासाठी. माझ्या आकड्यांना तो मीटर प्रति सेकंदाला १५-१६ अँपिअर आला. वेग थेट मोजत नसून जागेतल्या फरकातून काढतो, त्यामुळे सेन्सरचा खरखराट इथे मोठा होतो. हलका फिल्टर लावा, पण जड लावलात तर उशीर होतो आणि तो उशीरच रोटर पाडतो. तिसरा, साठत गेलेल्या चुकीच्या बेरजेवरचा गुणक सगळ्यात शेवटी आणि अगदी हळू. सुरुवातीला शून्यच ठेवा.

पहिल्यांदा उठतो तेव्हा आवाज येत नाही. कडीवर टेकलेला असताना जी बारीक भुणभुण असते ती एकदम थांबते. कागदाची पट्टी रोटर आणि कडीच्या मधून गोल फिरवून बघा. कुठेच अडली नाही तर तरंगतो आहे.

फिरवताना

फिरवणारे वाइंडिंग चालू करायच्या आधी वरून जाड ॲक्रिलिकचे झाकण. चष्मा घाला. सुरुवात मिनिटाला २०० फेऱ्यांनी.

आपल्या ताठपणाला रोटरचा स्वतःचा डोलायचा ठेका साधारण २९ हर्ट्झ आहे, म्हणजे मिनिटाला १७५० फेऱ्यांच्या आसपास तो अंगात आल्यासारखा हलतो. तिथे रेंगाळू नका, पटकन पार करा. पार झाल्यावर तो आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो आणि शांत होतो. पार होतच नसेल तर रोटर असंतुलित आहे. कडेला मेणाचा कण लावून, जागा बदलत बघा, हलणे कमी झाले की तिथे इपॉक्सीचा थेंब. ३००० फेऱ्यांच्या वर पहिल्या रोटरला नेऊ नका.

आणि लाइट जाणार हे धरूनच चाला. वीज गेली की तरंगवणारा प्रवाहही जातो आणि फिरता रोटर कडीवर आदळतो. मोठ्या यंत्रांत अशा वेळी मोटरला जनरेटर करतात: फिरत्या रोटरचीच ऊर्जा परत घेऊन त्यालाच तरंगत ठेवतात, वेग उतरेपर्यंत. आपल्या छोट्या मोटरला एक छोटी बॅटरी किंवा पुरेसा मोठा कपॅसिटर पुरवठ्यावर लावला तरी भागते. कडी मात्र दर दहा-बारा पडण्यांनंतर काढून बघा, डेल्रिनवर खाच पडली की बदला.

माझा रोटर शेवटी उठला तेव्हा मामांना बोलावले. त्यांनी सवयीने लांब पेचकस घेतला, टोक स्टेटरच्या बॉडीवर आणि मूठ कानाला लावली, मागाच्या मोटरचे बेअरिंग ऐकतात तसे. बराच वेळ ऐकत राहिले. २४०० फेरे चालू होते आणि इन्व्हर्टरच्या बारीक शिट्टीशिवाय पेचकसातून काही येत नव्हते. त्यांनी पेचकस खाली ठेवला, वाकून कॉइलच्या कडांवरून नखाने खरवडले आणि म्हणाले, "वार्निश एकच हात मारलायस. दुसरा मार, आणि उन्हात नको, भट्टीत सुकव."